तिसऱ्या कमेंटची वाट

ब्लॉगवरच्या कमेंटना मी दुपारी उत्तरं देते. गोंदियाकडच्या गोरेगावला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, नेत्यांच्या वाढदिवसाचे बॅनर, जे पडेल ते. बाजाराचा दिवस सोडला तर दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. मग डबा खायचा, हात धुवायचे आणि वाचकांकडे वळायचं.

वाचक म्हणजे तरी किती? पण जे आहेत ते चिवट आहेत. निम्मे लोक नुसते हात जोडतात. त्यांना मी उलट हात जोडते, व्यवहार संपला. काही जण गुलाबाची फुलं पाठवतात. लेख मरणाचा असला तरी गुलाब. पुण्याचे एक काका आहेत, ते माझ्या प्रत्येक लेखातली भाषा तपासतात. बायका धान निंदून राहिल्या होत्या, असं मी लिहिलं की त्यांची कमेंट ठरलेली: 'निंदत होत्या' असे हवे. मी त्यांना एकदा लिहिलं, काका, तुमच्याकडच्या बायकांनी आमच्या धानाच्या बांधीत येऊन दिवसभर वाकून दाखवावं, मग त्या निंदून राहतात की निंदतात ते आपण ठरवू. काका रागावले नाहीत. पुढच्या लेखाखाली पुन्हा हजर.

आणि काही लोक विचारतात, ताई, मिस्टर काय करतात? मिस्टर नाहीत. लग्न झालं नाही. हे इथंच सांगून टाकलेलं बरं. गोरेगावपासून जवळच्याच एका गावात मी आणि माझी माय, अशा दोघी राहतो. बाबा वारले. मला एक धाकटा भाऊ होता. होता की आहे, हे सांगणंच अवघड आहे, आणि मला जे सांगायचंय ते त्याबद्दलच आहे.

भाऊ गावातल्या पोरांबरोबर रायपूरकडे एका कारखान्यात कामाला गेला. आमच्याकडची पोरं जातातच. धान एकदा कोठीत पडलं की गावात उन्हाळाभर काय करायचं? दर रविवारी त्याचा फोन यायचा. मायला तो एकच विचारायचा, भाजी कोणती केली? लाखोरीच्या पाल्याची म्हटलं की तिकडून खुशीनं ओरडायचा. मग एका रविवारी फोन आला नाही. पुढच्या रविवारी आम्ही लावला तर बंद. बाबा आणि माझा चुलतभाऊ तिकडे जाऊन आले. ठेकेदार म्हणाला, हिशोब घेतला आणि गेला. कुठं गेला? हात वर. सोबतच्या पोरांनाही ठाऊक नव्हतं. पोलिसांत सांगितलं, देवाला सांगितलं, जाणत्याला विचारलं. काही नाही.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं आहे. बाबांनी मारलं असतं, कोणा मुलीचं काही निघालं असतं, तर धरायला काहीतरी मिळालं असतं. पण आमच्या घरात काहीच झालं नव्हतं. जाताना त्यानं आंघोळ केली, जेवला, माझी छत्री मागून नेली आणि गेला. त्यानंतर वर्षांमागून वर्षं गेली. बाबा त्याची वाट पाहतच वारले, आणि त्यांना अग्नी चुलतभावानं दिला.

बाबा गेल्यावर मायला हाका ऐकू येऊ लागल्या.

आमच्याकडे एक रीत आहे. दिवेलागणीनंतर कोणी बाहेरून हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. एक हाक कोणाचीही असू शकते, दुसरीसुद्धा. माणूस असला तर तो तिसरी मारतो. दुसरं काही असलं तर त्याला तिसरी मारता येत नाही, आणि आपण आधीच ओ दिली तर ते आपल्याला सोबत घेऊन जातं. लहानपणी मैत्रिणी अंगणात उभ्या राहून घसा कोरडा करायच्या आणि मी आत बसून मोजायची. मोठेपणी मी ते सगळं हसण्यावारी नेलं. माय मात्र कधीच हसली नाही.

घराच्या मागं आमची बोडी आहे. शेताला पाणी पुरवणारं लहानसं तळं. मायला हाक त्या बाजूनं यायची. संध्याकाळी चूल पेटवताना ती एकदम थांबायची, हातातली काडी तशीच. मी विचारायची, काय झालं? ती बोटानं गप्प म्हणायची. मग थोड्या वेळानं, "दोन झाले," असं पुटपुटून पुन्हा चुलीकडे वळायची. तिसरी कधी आलीच नाही. एका संध्याकाळी मी अंगणातले कपडे काढत होते आणि मलाही वाटलं की बोडीकडून कोणी 'माय' म्हणालं. टिटवी असेल, शेजारचं पोर असेल. पण मी कपडे तिथंच टाकून आत पळाले, आणि मायला काही सांगितलं नाही. मला भीती वाटली होती. भावाच्या आवाजाची भीती वाटावी, याचं फार वाईटही वाटलं.

शेवटी मायच म्हणाली, त्याचं करून टाका. बारा वर्षं उलटली होती. तो कुठं अडकला असेल तर सुटेल, असं गावातले म्हातारेही म्हणत होते. चुलतभाऊ गोंदियाला राइस मिलमध्ये नोकरीला आहे, तो तिकडून भटजी घेऊन आला. ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, हे मी ऐकून होते, पाहिलं नव्हतं. अंगणात चटईवर भटजींनी पळसाच्या पानांचे देठ माणसाच्या आकारात मांडले, सुतानं बांधले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. वर भावाचा जुना सदरा घातला. माय छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत बसून पाहत होती. सगळं बांधून झाल्यावर ती उठली, जवळ आली आणि भटजींना म्हणाली, "पाय लांब करा जरा. तो उंच होता."

भटजींनी सूत सोडलं, देठ वाढवले, पुन्हा बांधलं. मग पुरुष तो पुतळा नदीवर घेऊन गेले, चुलतभावानं अग्नी दिला, डोकं भादरलं, आणि संध्याकाळी सगळे आंघोळ करून परत आले.

त्या दिवसापासून मायला हाका ऐकू येणं बंद झालं. ती झोपू लागली. अंगावर थोडं मांस आलं, बायकांत बसून हसू लागली. मी मनातल्या मनात चुलतभावाचे उपकार मानले, कारण मी मुळात या सगळ्याच्या विरोधात होते आणि भटजींसमोर तोंड वाकडं करून उभी होते.

याला वर्ष होत आलं तेव्हा मी ते ब्लॉगवर लिहिलं. दिवाळी झाली होती, गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, सुरू होती. मंडईला आमच्याकडे लेकीबाळी, पाहुणे, पोटासाठी बाहेर गेलेले सगळे घरी येतात. दंडारीचा नाच होतो, नाटक होतं, रस्त्यावर जिलबीची दुकानं लागतात. येणाऱ्या माणसांकडे बघता बघता मला लिहावंसं वाटलं. टाकण्याआधी मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "उंच होता हे लिवलं का?" लिहिलं होतं.

त्या लेखाला जेवढ्या कमेंट आल्या तेवढ्या आधी कधीच आल्या नव्हत्या. आणि बहुतेकांना एकच पाहिजे होतं: कारण. ताई, घरात काही बोलाचाली झाली असेल, आठवून बघा. ताई, व्यसन होतं का? ताई, लग्नासाठी जबरदस्ती तर केली नाही ना? एकानं तर आमच्या बाबांचा स्वभाव कसा होता याचा अंदाज बांधून टाकला. मला संताप आला. मी उत्तरं दिली, पण दात-ओठ खाऊन. काही झालं नव्हतं, दादा. नाही, ताई, काहीच झालं नव्हतं. तेच ते टाइप करताना मला स्वतःलाच शंका यायला लागली, की काही झालं असेल आणि आपल्याला दिसलंच नसेल.

त्या गर्दीत एक कमेंट होती. नाव नव्हतं, नावाच्या जागी नुसतं 'अनामित'.

'माय कसी हाये?'

आईची चौकशी बाकीच्यांनीही केली होती. आईंना नमस्कार सांगा, आईंची काळजी घ्या. पण ते सगळे आई म्हणत होते. लेखातही मी आईच लिहिलं होतं. शेतातली बोली मी ब्लॉगवर आणते, पण घरातला हा शब्द बाहेर नेत नाही. मी उत्तराच्या चौकोनात 'बरी आहे, आपण कोण?' असं लिहिलं आणि पाठवायच्या आधी थांबले. हा प्रश्न माझा नव्हता, मायचा होता. तिला न विचारता मी उत्तर कसं देणार? लिहिलेलं पुसून टाकलं.

संध्याकाळी कमेंट वाचून दाखवायची आमची सवयच होती. माय छपरीत बसून काहीबाही निवडायची आणि मी मोबाइलवरून वाचायची. गुलाबवाल्यांना ती फार हसायची. त्या दिवशी मी बाकीचं सगळं आधी वाचलं आणि ती ओळ शेवटी.

मायचा हात सुपात थांबला.

"ओ देल्ली का?" तिनं विचारलं.

"नाही."

"नको देऊ."

"माय, ही कमेंट आहे. कोणी बी लिहितो."

"मंग कोनी बी असन तं अजून लिवन. एक हाक झाली. नको देऊ."

मी चिडले. म्हटलं, हे इंटरनेट आहे, बोडीवरचं भूत नाही. माय शांतपणे म्हणाली, "भूत नसन तं तिसरी मारन ना. कायले घाई करतं?" मी मोबाइल बाजूला ठेवला. आणि खरं सांगायचं तर मलाही धीर होत नव्हता. उत्तर दिलं आणि पलीकडून काहीच आलं नाही तर काय, आणि आलं तर काय, दोन्हींची धास्ती होती.

चुलतभावाला फोनवर सांगितलं. तो आधी म्हणाला, "कोई फालतू आदमी होगा ताई, डिलीट मार दो." मग हळू आवाजात, "तो असला तर मग मी कोनाले अग्नी देल्ली? मी डोकं कायले भादरलं?" मला हसू आलं. फोन ठेवताना तो म्हणाला, भटजींना विचारतो. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारून सांगितलं: पुतळा जाळल्यावर माणूस परत आला तर त्याला नव्यानं जन्मलेला धरतात. आंघोळ घालून, बारसं करून, पुन्हा नाव ठेवून मग घरात घेतात. चुलतभाऊ म्हणाला, पद्धत आहे, टेन्शन नाही. पण त्याचा आवाज टेन्शनचाच होता.

दुसरी कमेंट बऱ्याच दिवसांनी आली.

'मागची बोडी हाये का बुजवली?'

मी लेख काढून पुन्हा वाचला. एकदा नाही, डोळे दुखेपर्यंत. अंगण होतं, छपरी होती, पळसाची पानं होती. बोडीचा शब्दसुद्धा नव्हता. मी तो मुद्दाम टाळला होता, कारण बोडी लिहिली असती तर हाकाही लिहाव्या लागल्या असत्या. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी आत बसून राहिले. आमच्या भागात दर दुसऱ्या घरामागं बोडी असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या वेळी ते डोक्यात आलंच नाही. त्या वेळी डोक्यात एकच होतं, तो जिवंत आहे, आणि त्यानं आपल्या जळण्याची गोष्ट वाचली आहे.

संध्याकाळी मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दोन झाले." आणि उठून आत गेली.

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाही नको वाटतात. मायचं हसणं गेलं. जेवण कमी झालं. ती पेटीतली भावाची वाकळ काढून उन्हात घालू लागली, संध्याकाळी घडी करून पुन्हा पेटीत. सकाळी पुन्हा उन्हात. मी काही बोलले की म्हणायची, कसर लागून राहिली. एका दुपारी मी दुकानात गेले नाही, घरीच होते. माय वाकळीजवळ उन्हात बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरी, मी त्याची उंची सांगून त्याले जारलं वं."

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, ती पानं होती. ती म्हणाली, "मले पानं नाही दिसले. मले तोच दिसला, म्हनून तं मी उठली." मग ती रडली. माझी माय रडताना आवाज करत नाही, तिचे फक्त खांदे हलतात. मी तिला धरून बसले आणि मनात त्या अनामिताला शिव्या दिल्या. लिही ना एकदाचं. तोच असशील तर ये, नसशील तर मर, पण लिही.

दुकानात कामाचा ढीग होता, कारण लग्नसराई जवळ आली होती. मी नवरदेवांची नावं टाइप करायची आणि मध्येच ब्लॉग उघडून पाहायची. बाकीच्या वाचकांना उत्तरं देणं मी बंद केलं होतं. पुण्याच्या काकांनी लिहिलं, आपण आजारी आहात काय? त्यांनाही उत्तर दिलं नाही. एकाशी बोलायचं नसेल तर सगळ्यांशीच बोलता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

तिसरी आली तेव्हा मी एका पत्रिकेचा मजकूर गिऱ्हाईकाला वाचून दाखवत होते. मोबाइल वाजला. वर 'अनामित' दिसलं आणि खाली बराच मोठा मजकूर. मी वाचला नाही. आधी मायनं ऐकावं असं वाटलं. गिऱ्हाईकाला म्हटलं, दादा, उद्या या. तो कुरकुरला, मी शटर ओढलं आणि स्कूटी काढली. दोन्ही बाजूंना बांध्या रिकाम्या झाल्या होत्या, ठिकठिकाणी धानाचे पुंजणे रचलेले होते. मी एवढ्या वेगानं कधी गाडी चालवलेली नाही.

माय छपरीतच होती. माझ्याकडे पाहिलं आणि तिला समजलं. तिनं डोक्यावर पदर घेतला, एखादा मोठा माणूस घरी यावा तसा, आणि म्हणाली, "वाच."

मी उभ्याउभ्याच वाचायला लागले.

'ताई, दोन डाव लिवलं, तुम्ही उत्तर देल्लं नाही. बराबर हाये. कोन मानूस हाये, तुमाले काय माहीत. तुमचा लेख वाचला तं मले माह्याच घरचं वाटलं. असीच छपरी, तिथं बसली माय, मागं बोडी. माहा बाप मले सायकलच्या दांडीवर बसवून सौंदडच्या स्टेशनवर गाड्या दाखवाले नेत जाय...'

मी थांबले.

आमच्या बाबांना सायकल येत नव्हती. लहानपणी कधीतरी पडून हात मोडला होता, त्यानंतर त्यांनी सायकलला हात लावला नाही. अख्ख्या गावात ते एकटेच सगळीकडे पायी जायचे आणि लोक त्यांना त्यावरून चिडवायचे. आणि सौंदडला आमचं कोणीच नव्हतं.

मी मायकडे पाहिलं नाही. मला वाटलं, हे मी वाचलंच नाही असं करावं, पुढची ओळ घ्यावी, सायकल गाळून टाकावी. पण ती ऐकून चुकली होती. शेजारच्या अंगणात कोणी तरी गाईला हाकलत होतं.

"तो नोहे," माय म्हणाली. "वाच समोर."

'मी घरून निंगालो त्याले लय वर्सं झाले. लोकं तुमाले इचारून राहिले का घरी काय झालं होतं. काही झालेलं नसते, ताई. पुढच्या महिन्यात जाऊ, मंडईले जाऊ, असं म्हनता म्हनता वर्स जाते, मंग लाज वाटते. रिकाम्या हातानं कसं जाव? मंग फोनचीबी लाज वाटते. माह्या नावाचे बी पानं जारले असन आता. तुमच्या मायले एक इचारा. जारल्यावर मानूस आला तं घरात घेतेत का?'

वाचून झाल्यावर मी खाली बसले. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते आलं होतं, आणि ते आमच्यासाठी नव्हतं. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण आला नाही. काही झालेलं नसतं, लाज वाटते. माझ्या भावाच्या सगळ्या वर्षांचं एवढंच उत्तर असेल का? की ते फक्त या माणसाचं होतं?

"आई," मी म्हणाले. मी तिला कधी आई म्हणत नाही, कसं तोंडून निघालं कोण जाणे. "त्याला काय लिहू? हे तुमचं घर नाही, असं?"

"ते तं त्याले माहीत आहे," माय म्हणाली. "त्यानं ते इचारलंच नाही. तिसरी झाली. आता ओ दे."

"काय देऊ?"

"मी सांगतो तसं लिव."

ती सरळ बसली. तिला लिहिता-वाचता येत नाही. ब्लॉग म्हणजे कुठं असतो हेही तिनं मला कधी विचारलेलं नाही. पण ती असं बोलत होती, जणू तो माणूस अंगणात येऊन उभा आहे.

"लिव. घेतेत. काऊन नाही घेत? पानं जारले, पोरगा नाही जारला. भटजी म्हनते का बारसं करा लागते, तं करतीन. नवीन नाव ठेवतीन. लोकं हासतीन दोन दिवस, लोकायचं काय? हात रिकामे असो का भरले, मायले हात नाही पाहा लागत. माय आहे तोवर जाय. मंग कोनाच्या घरी जाशीन बाबू?"

मी जसंच्या तसं लिहिलं, तिच्याच बोलीत, एक अक्षर न बदलता. पुण्याचे काका काय म्हणतील हे मनातही आलं नाही. खाली लिहिलं, हे माझ्या मायनं सांगितलं आहे. पाठवलं. माय म्हणाली, "गेलं का?" म्हटलं, गेलं. तिनं सूप जवळ ओढलं.

अनामिताचं पुढं काही आलं नाही. खाली बाकीच्या वाचकांची रांग लागली. दादा, गेलात का? दादा, पोचलात का? गुलाबवाल्यांनी या वेळी गुलाब टाकले नाहीत. पुण्याच्या काकांनी फक्त एवढंच लिहिलं, पोचल्यावर दोन ओळी टाका, आम्ही वाट पाहत आहोत. रोज कोणी ना कोणी विचारतं आणि रोज त्याखाली रिकामं असतं. तो घरी पोचला म्हणून लिहीत नसेल, असं मी त्यांना सांगते. मला ते खरं वाटतं की मी नुसतीच म्हणते, हे मला माहीत नाही.

पुतळ्याला वर्ष पूर्ण व्हायचं होतं. एका सकाळी चुलतभाऊ गोंदियाहून मोटारसायकलवर आला. भटजींशी बोलून वर्षश्राद्धाची तिथी काढून आणली होती, सामानाचंही विचारून ठेवलं होतं. माय छपरीत तांदळातले खडे निवडत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसून म्हणाला, "मोठे माय, सरादाचं भटजीले पक्कं करून टाकतो. त्या दिवशी मी सुट्टी टाकली आहे."

मायनं वर पाहिलं. "कोनाचा सराद?"

चुलतभाऊ माझ्याकडे बघायला लागला. मग त्यानं माझ्या भावाचं नाव घेतलं. आमच्या घरात ते वर्षभर कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

"तो अजून आला नाही," माय म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

चुलतभाऊ उठला. मी चहा ठेवते म्हटलं, तर तो नको म्हणाला. गाडी चालू करताना त्यानं मला हळूच विचारलं, आता काय करायचं? तो गेल्यावर मी मायच्या बाजूला बसले, सुपातले थोडे तांदूळ माझ्याकडे ओढले आणि खडे बघू लागले. वर्षभर माझा भाऊ मेलेला होता आणि आम्ही दोघी झोपत होतो. त्या सकाळपासून तो पुन्हा हरवलेला आहे.